गव्हाळ म्हणजे नेमका कुठला गहू

नाशिक, गंगापूर रोड
तुळशीचं लग्न तोंडावर आलंय तो आठवडा, १९९९

तीर्थस्वरूप सिंधुआत्याच्या चरणी,

वाया गेलेल्या, पण अजून पूर्ण न गेलेल्या भाच्याचा, म्हणजे अमितचा, सटाण्याकडे तोंड करून वाकून नमस्कार. (खिडकी त्या बाजूला नाही, म्हणून भिंतीला केला. भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना आहे. तिथून सरळ गेलं की तुमचा सटाणाच लागतो.) काकांचा गुडघा काय म्हणतो? चाळीतला कांदा किती टिकला, किती सडला? तुझ्या उजव्या कानात घंटा वाजायची ती थांबली का? नसली थांबली तरी हे पत्र तुझ्या लेकीकडून, तृप्तीकडून, मोठ्यानं वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच, कारण सगळं तिच्याबद्दलच आहे.

आधी कबूल करून टाकतो की हे पत्र मी दसऱ्यापासून लिहितोय. दसऱ्याला कागद आणला तर पेनात रिफिल नव्हती. रिफिल आणायला पंचवटीत गेलो (रिफिल आमच्या कोपऱ्यावरही मिळते, पण पाय तिकडे वळले त्याला मी काय करणार), तर रामकुंडाच्या खालच्या अंगाला एकानं टेम्पो धुवायला नदीत उतरवला होता आणि टेम्पो आता वर यायला राजी नव्हता. अशा वेळी रिफिल घेऊन सरळ घरी येणारा माणूस तुला हवा असेल तर दुसरा भाचा बघ. दोर शोधण्यापासून 'हय्या' म्हणण्यापर्यंत सगळं माझ्यावर आलं. टेम्पो निघाला, रिफिल भिजली, मग दिवाळी आली. दिवाळीत पत्र लिहिलं तर लोकांना वाटतं काहीतरी मागायचं असेल, म्हणून तेही टाळलं. एवढ्यात तुझी पोस्टकार्डं येत राहिली, आणि शेवटच्यावर तर नमस्कार-आशीर्वाद काही नाही, नुसतं 'तृप्तीचं काय झालं?' एवढंच. पोस्टमननंही विचारलं, काय झालं म्हणून. सांगतो. सरळ सांगितलं तर तुला पटणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुझ्या वर्गमैत्रिणीनं, वत्सलाबाईंनी, मला त्यांच्या वधू-वर सूचक केंद्रात ठेवून घेतलं ते तुझ्या शब्दावर. (बारावी अर्धी, आयटीआय पाव, द्राक्षांच्या टेम्पोवर एक हंगाम, फोटो स्टुडिओत पाठीमागचा धबधब्याचा पडदा धरून उभं राहण्याचं काम, हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, 'अनुभव भरपूर आहे, फक्त कशाचा ते कळत नाही.') केंद्रात त्यांनी नुकताच एक जुना संगणक घेतला होता आणि त्यावर स्थळांचं सॉफ्टवेअर लिहायला ज्योत्स्ना नावाची डिप्लोमा झालेली मुलगी ठेवली होती. ज्योत्स्ना ओझरची. हे नाव पुढे वारंवार येईल, त्यावरून लगेच कसला अर्थ काढू नकोस. माझं काम काय, तर लोकांचे फोटो काचेच्या यंत्रावर पालथे घालून संगणकात ओढायचे आणि शिक्षण, गोत्र, उंची भरायची.

तू मला सटाण्याच्या स्टँडवर तृप्तीचा फोटो दिलास, खपली गव्हाची पिशवी दिलीस आणि एसटी सुटता सुटता खिडकीत तोंड घालून हळूच म्हणालीस, की 'वर्ण' विचारतील तिथे गव्हाळ लिही. तुझं म्हणणं मला कळलं. तीन स्थळं त्या एका रकान्यावरून परत गेली. काकांनी पहिल्या खेपेला प्रामाणिकपणे 'सावळा' लिहिलं होतं, आणि समोरच्यांनी पुढचं काही वाचलंच नाही; तिचा शिवणक्लास नाही, तिचं हसणं नाही. तृप्ती मात्र तेव्हा एसटीच्या दुसऱ्या बाजूनं आली आणि मला म्हणाली, "अम्या, कोणी वर्ण विचारला तर सांग, दोऱ्याचा रंग दुकानात ट्यूबखाली बघायचा नसतो, बाहेर उन्हात नेऊन बघायचा असतो." मी हो म्हटलं. दोघींनाही हो म्हटलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आता गंमत अशी की वत्सलाबाई पडल्या निवृत्त शिक्षिका. शब्द वापरला की त्याला माप पाहिजे, हा त्यांचा हट्ट. जो येतो तो 'गव्हाळ' लिहितो, मुलगी लिंबाच्या फोडीसारखी असो की जांभळासारखी. आणि मग भांडणं केंद्रात येतात. ज्योत्स्ना सहज बोलून गेली की संगणकाला प्रत्येक रंगाचा आकडा माहीत असतो. झालं. बाईंनी खडू ठेवल्यासारखा चहाचा कप ठेवला आणि म्हणाल्या, मग यंत्रालाच ठरवू दे.

हे आकड्यांचं प्रकरण मला ज्योत्स्नानं समजावलं ते तुला सांगतो, कारण पुढे सगळं त्यावरच अडलंय. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना खिडक्या, बटणं, याद्या स्वतः घडवाव्या लागत नाहीत, त्यांचा तयार संच मिळतो, भातुकलीसारखा. त्यात मांडामांड तेवढी आपली. त्याच संचात रंग नावाची एक डबी आहे. डबीत तीन कप्पे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येकात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत माल भरता येतो. पडदा मुळात काळा, आपण त्यावर उजेड टाकायचा. तिन्ही कप्पे शिगोशीग ओतले की पांढरं. पण छपाईत सगळं उलटं. कागद मुळात पांढरा, आणि शाई त्याचा उजेड खाते. तिथे तिन्ही शाया शिगोशीग ओतल्या तर आपल्या अंगणातला श्रावणातला चिखल. म्हणून पडद्यावरचा रंग कागदावर न्यायचा तर आकडे उलटे करावे लागतात, आणि जुन्या संचात ती सोय नसल्यानं ज्योत्स्नानं ती स्वतःच्या हातानं लिहिली होती. मला त्यातलं एकच लक्षात राहिलं, की प्रत्येक माणसात हिरवा असतो. दोन दिवस मी लोकांकडे त्याच नजरेनं बघत होतो.

तर वर्णांची मापं ठरवायला बसलो. 'गोरा' याचं माप म्हणून वत्सलाबाईंनी त्यांच्या कैलासवासी यजमानांचा फोटो काढून दिला. त्यांच्याइतका गोरा माणूस सटाणा-मालेगावच्या कसमादे पट्ट्यात झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. पण फोटो त्या काळातला, काळा-पांढरा. काचेवर ठेवला, तर लाल तेवढाच, हिरवा तेवढाच आणि निळाही तेवढाच. यंत्रानं खाली लिहिलं, 'वर्ण: राखाडी'. बाई पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "शेवटी शेवटी तसेच झाले होते." 'सावळा' यासाठी देव्हाऱ्यातला विठोबाचा फोटो घेतला, पण त्याच्यावर हार इतके, की सरासरी काढल्यावर आकडा निघाला झेंडूचा. तो पुसून टाकला. राहिला गव्हाळ. आता तूच सांग, गव्हाळ म्हणजे नेमका कुठला गहू? बाईंनी खालच्या किराणावाल्याकडून लोकवन आणला. गोरापान, टपोरा. मी तो पाहिला आणि हातातला फोटो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला, कारण त्या मापानं आपली तृप्ती कुठल्याच जन्मात गव्हाळ ठरत नव्हती.

आणि तेव्हा मला तुझी पिशवी आठवली. खपली. लालसर, काळसर, तव्यावर दोन मिनिटं जास्त राहिलेल्या भाकरीच्या रंगाची. मी बाईंसमोर उभं राहून भाषण केलं. म्हटलं, लोकवन आत्ताचा, बाहेरून आलेला. आपले वाडवडील जेव्हा पहिल्यांदा 'गव्हाळ' म्हणाले असतील तेव्हा त्यांच्या हातात कुठला गहू होता? खपली. खिरीचा. देवाला चालणारा. (हे मी त्या क्षणी रचलं, पण रचल्यावर माझं मलाच पटलं.) बाईंना परंपरा म्हटलं की पुढचं बोलता येत नाही. खपली मंजूर झाली. मूठभर काचेवर पसरली, झाकण लावलं, आणि यंत्रानं गव्हाळ कायमचा ठरवून टाकला. तृप्तीचा फोटो घातला तर केसभर अंतरानं, पण आत. गव्हाळ. आत्या, मी बाहेर जाऊन मिसळ खाल्ली. (चार दाणे काचेच्या फटीतून यंत्रात गेले. अजून प्रत्येक फोटोच्या उजव्या गालावर एक बारीक दाणा येतो. लोक त्याला तीळ समजतात आणि शुभ मानतात.)

एवढ्यावर थांबलो असतो तर तुझं पोस्टकार्ड इतकं कोरडं आलं नसतं. पण ज्योत्स्नानं सॉफ्टवेअरमध्ये 'जोडा पाहा' असं एक बटण केलं होतं. दाबलं की एका खिडकीत मुलगा, शेजारच्या खिडकीत मुलगी. कल्पना चांगली. फक्त आमचा संगणक गरीब. त्याला एका वेळी दोनशे छप्पन्नच रंग दाखवता येतात. ज्या खिडकीला तुम्ही हात लावाल ती पुढे येते आणि आपल्याला हवे ते दोनशे छप्पन्न उचलते. मागच्या खिडकीनं त्यातच भागवायचं. लग्नात पहिली पंगत बासुंदी संपवते आणि दुसऱ्या पंगतीला भातावर ताक मिळतं, तसं. ज्योत्स्ना म्हणाली, मागच्याला लागणारे रंग पुढच्याच्या ताटात निघाले तर काही बिघडत नाही, पण असं आपल्याकडे अजून एकदाही झालेलं नाही.

तर निफाडहून झुंबरबाई आल्या. चांगल्या ठसठशीत, द्राक्षबागवाल्या, नाकात नथ नसतानाही नथ घातल्यासारख्या बोलणाऱ्या. एकुलता मुलगा महेश, शेतकी पदवी, त्याचा फोटो घेऊन. वत्सलाबाईंनी त्यांना कॉलेज रोडची एक दुधासारखी मुलगी सुचवली. मी 'जोडा पाहा' दाबलं. झुंबरबाईंनी कौतुकानं मुलीच्या गालाला बोट लावल्यासारखं केलं, म्हणून मी तिच्या खिडकीवर टिचकी मारली. मुलगी उजळली आणि शेजारी महेश हिरवा झाला. नुसता हिरवा नाही, ओठ जांभळे, कान पिवळे. मी घाईनं महेशवर टिचकी मारली. तो माणसात आला, आणि मुलगी निळी पडली. पुन्हा तिच्यावर, तो हिरवा. पुन्हा त्याच्यावर, ती निळी. असं माझ्या हातून बऱ्याचदा झालं, कारण घाबरलो की माझं बोट थांबत नाही.

"बाई," झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या, "हिच्यापुढं आमचं पोरगं कच्च्या पेरूवानी दिसतंय. यंत्राला कळतंय ते आपल्याला नको का कळाया?" आणि फोटो पिशवीत टाकून निघाल्या. ही बातमी गंगापूर रोडभर झाली. लोक आता पत्रिका जुळवून झाल्यावर संगणकासमोर बसायला यायला लागले. बत्तीस गुण जुळलेलं एक स्थळ मुलगी केशरी पडली म्हणून मोडलं. एका गुरुजींनी विचारलं, हा दोष उतरवायला शांती कुठली करावी. ज्योत्स्ना म्हणाली, मेमरी वाढवावी. गुरुजींनी लिहून घेतलं.

अशात मेळावा आला. वधू-वर परिचय मेळावा, मंगल कार्यालय ठरलेलं, आणि प्रत्येकाच्या हातात सगळ्यांच्या फोटोंची रंगीत पुस्तिका द्यायची. ज्योत्स्ना चुलतबहिणीच्या साखरपुड्याला ओझरला गेली होती. नमुन्याचं पान मी छापून पाहिलं, तृप्तीचंच. आणि आत्या, कागदावर ती पडद्याहून काळी आली. पडद्यावर गव्हाळ, कागदावर सावळी. ज्योत्स्नानं सांगितलं होतं की कागद पडद्याइतका उजळ कधीच नसतो. पण ते सांगताना मी खिडकीतून एका हत्तीकडे बघत होतो. (खरा हत्ती. साधू घेऊन चालला होता. त्यावर वेगळं पत्र लिहीन.) म्हणून मी तिचा प्रोग्रॅम उघडला. इंग्रजी मला बेताचंच, पण छपाईच्या जागी गेलो तर काय दिसावं: लाल वजा, हिरवा वजा, निळा वजा. तिन्ही ओळींत वजाबाकी. म्हटलं, म्हणूनच. देवानं दिलेल्या रंगातून आपण छापता छापता वजा करतोय, आणि मग पोरी काळ्या येतात म्हणून रडतोय. माझ्या बहिणीतून वजा करणारे तुम्ही कोण? मी तिन्ही वजा काढून टाकले. मंगलकार्यात वजा नसावा, हे तर तूही म्हणशील.

मग 'छापा' म्हटलं आणि मशीन कुरकुर करत बसलं. मी कोपऱ्यावर गेलो, तिथे दोघं बुद्धिबळ खेळत होते आणि दोघंही चुकीचं खेळत होते, त्यात वेळ गेला. परत आलो, पानांचा गठ्ठा पालथा पडला होता, तसाच उचलून रंगीत झेरॉक्सवाल्या केरूभाऊकडे नेला. त्यानं पहिलं पान उलटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, असंच पाहिजे का? आता अशा माणसांना नुसतं 'हो' म्हटलं की ते आपल्याला नवखा समजतात. मी म्हटलं, अगदी असंच, आणि एक कणही फरक पडला तर घेणार नाही. केरूभाऊनं कणाचाही फरक पडू दिला नाही.

पुस्तिका मी पाहिली ती मेळाव्यात, सगळ्यांबरोबरच. सगळे उलटे छापले होते. स्टुडिओतल्या निगेटिव्हसारखे. केस पांढरेशुभ्र, दात काळे, टिकल्या आकाशी. जितका गोरा माणूस तितका कोळशासारखा निळाकाळा. त्या कॉलेज रोडच्या मुलीच्या जागी अमावास्या छापली होती. सभागृहात एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, सगळ्या मुली सत्तरीच्या कशा? मी दाराकडे सरकलो. पण वत्सलाबाई व्यासपीठावर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, आणि ज्या आवाजात त्यांनी उभा जन्म 'चुकलं असेल तर हात वर करा' म्हटलं त्याच आवाजात म्हणाल्या, "सहजीवनाचा निर्णय घेताना माणूस चाळीस वर्षांनी कसा दिसेल याचा विचार करावा. केंद्रानं यंदा ती सोय केली आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आत्या. नवरा-बायको पुस्तिका पुढे धरून म्हणत होती, दात जाणार म्हटल्यावर तेवढं चालायचंच.

आणि मग ते झालं जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. ज्यांच्या फोटोवर कोणी नजर थांबवत नसे, ते सगळे पुस्तिकेत चांदीसारखे उजळले होते. वर्षानुवर्षं मागच्या खुर्च्यांवर बसणारे पाहुणे पुढे बोलावले गेले. त्यांना चहा विचारला गेला. एक सावळा मास्तर तर इतका गोंधळला की त्यानं सगळ्यांनाच होकार दिला. आणि झुंबरबाई (मेमरी वाढवल्याशिवाय पुन्हा यायच्या नाहीत असं मला वाटलं होतं) पुस्तिका घेऊन माझ्याकडे आल्या आणि एका पानावर बोट ठेवलं. "ही सटाण्याची पोरगी लय चांगली हाय. चांदण्यात धुऊन काढल्यावानी. केस पिकले तर पिकू दे, आमच्यात समद्यांचेच पिकतात." आत्या, ती आपली तृप्ती होती. राणी रंगाच्या शालूत काढलेला फोटो, पण शालू झाला होता हिरवागार, आणि चेहरा असा निळसर, निवांत, उजेडाचा. मला म्हणायचं होतं की ही अशी नाही. पण मला हेही म्हणायचं होतं की ही अशीच आहे. दोन्ही एकदम म्हणता येईना, म्हणून मी नुसतं 'माझी आतेबहीण' एवढंच म्हणालो.

तर काय झालं याचं उत्तर असं: येत्या रविवारी झुंबरबाई मुलीला बघायला सटाण्याला येणार आहेत. आनंदाची बातमी आहे. आशीर्वाद असू दे. काकांना नमस्कार सांग. कांद्यावर लक्ष ठेव.

तुझा भाचा,
अमित

ता. क. सोबत पुस्तिकेतली दोन पानं पाठवतोय. एकावर तृप्ती, दुसऱ्यावर महेश. तोही त्यात चंद्रासारखा आलाय. त्याचं खरं रूप मला आठवत नाही. मी त्याला बघितला तो बहुतेक वेळ हिरवाच.

ता. क. दोन. आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते सांगतो. रविवारी पुढच्या खोलीतला शंभरचा बल्ब काढ आणि झिरोचा लाव. पाहुण्यांना म्हण, व्होल्टेज कमी आहे; सटाण्यात कोणी शंका घेणार नाही. खिडकीवर चादर टाक. आणि तृप्तीला हिरवा शालू नेसव, राणी रंगाचा मुळीच नको, कारण झुंबरबाईंनी हिरवाच पाहिलाय. शेजारी कोणाकडे असेल तर आण. तिला काही सांगू नकोस. चौथं स्थळ तिला वरपासून खालपर्यंत बघून चहा अर्धा ठेवून उठलं, तर ती काही बोलणार नाही, मशीनवर बसून शिवत राहील, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. बाकी काही असो, आत्या, तेवढं होऊ द्यायचं नाही.

ता. क. तीन. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो तेवढ्यात केंद्राच्या दारात कोण उभं असावं? महेश. एकटा, आईला न सांगता, द्राक्षाच्या औषधाचं निमित्त काढून आलाय. मी त्याला पहिल्यांदाच धड उजेडात पाहिलं. आत्या, तो तृप्तीहून काळा आहे. चांगला दोन घास काळा. उन्हातला माणूस, दात पांढरे, कपाळ घामेजलेलं. बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "पुस्तिकेतला मी तसा नाहीये. मुलीकडच्यांना आधीच सांगा. आई सांगायची नाही. मुलीनं मला बघितलं आणि तिचं तोंड उतरलं, तर मला ते बघवायचं नाही." त्याच्या बाबतीत दोनदा असं झालंय म्हणे. माझ्या ओठांवर तयारच होतं, की काळजी करू नका, झिरोचा बल्ब आहे. पण ज्योत्स्ना (आली ती साखरपुड्याहून, तीन वजा परत लावले, आणि माझ्याशी सोमवारपासून बोलत नव्हती) खुर्ची ओढून म्हणाली, बसा, खरा फोटो दाखवते. मला थांबवता आलं नाही. तिनं 'जोडा पाहा' दाबलं. एका खिडकीत हा, एका खिडकीत आपली तृप्ती, राणी रंगातली, गालावर गव्हाचा दाणा. ज्योत्स्नानं तृप्तीवर टिचकी मारली. मी डोळे मिटले. उघडले, तर महेश होता तसाच. तिनं महेशवर मारली. तृप्ती होती तशीच. पुन्हा मारली. पुन्हा तशीच. दोघंही खऱ्या रंगात, शेजारी शेजारी. महेश पडद्याजवळ वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "काय झालं?"

"काही झालं नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "पहिल्यांदाच काही झालं नाही."

तो अजून बघतोय. चहा सांगितलाय, त्याचं लक्ष नाही. आत्या, बल्बचं राहू दे, शालूही तिचा राणी रंगाचाच असू दे. खरं तर खोलीतच बसवू नकोस. ओट्यावर सतरंजी टाक, दुपारी ऊन चांगलं येतं तिथे.